चहाबरोबर गिळलेला ताप

घरून निघताना, तिची नणंद चपला शोधत होती तेवढ्यात, तिने तापाची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळली. म्हणून दवाखान्यातल्या थर्मामीटरने तिची चुगली केली नाही.

लघवीला जळजळत होतं, अधूनमधून हुडहुडी भरत होती. पण औषधाची आजची खेप हुकली तर? उजवा हात अलीकडे फारच बिघडला होता. कोटाला बटण लावताना सुई बोटात रुतली, ते तिला कापडावर रक्त दिसल्यावर कळलं. शिवणवालीचा हातच परका झाला, तर तिने करायचं काय?

सिस्टर खुर्ची ओढून समोर बसली.

“तुमच्या आजारात कुंपणच शेत खातंय. अंगाचं रक्षण करणाऱ्या पेशी मज्जातंतूंचं आवरण कुरतडतात. हे औषध म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटीबॉडीज, सगळ्या एकाच छापाच्या. म्हणून नाव मोनोक्लोनल. एका ठरावीक पेशीवरची खूण ओळखायची नि तिलाच संपवायचं. बाकीच्यांना हात लावायचा नाही.”

“म्हणजे आमच्या आईसारखं नाही,” नणंद म्हणाली. “ती चिडली की सरसकट झोडपते.”

“गेलेलं परत येईल?” तिने विचारलं.

“ते नाही. पुढचं नुकसान रोखायचं. पण या पेशी राखणही करतात. त्या कमी झाल्या की जंतूंशी लढायला बळ अपुरं. म्हणून विचारते, ताप, खोकला, लघवीला जळजळ? मी कळवलं की खाली फार्मसीत औषध सलाइनच्या पिशवीत मिसळतील.”

“काही नाही.”

“ठणठणीत आहे,” नणंदेने री ओढली. “स्वभाव सोडून.”

सिस्टरने फोन उचलला. इकडे तिच्या मनात आलं: घरात चोर शिरलेला, आणि आपण राखणदारांनाच घरी पाठवायला निघालोय. पलीकडून कुणीतरी बोललं. सिस्टर म्हणाली, “हो, पेशंट तयार...”

“थांबा!”

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. जळजळ, हुडहुडी, गोळी.

“वहिनी! अगं, मला तरी सांगायचंस!”

“तू मला घरातून निघूच दिलं नसतंस.”

“निघू दिलं नसतंच!”

सिस्टरने मिसळू नका म्हणून कळवलं आणि फोन ठेवला. “आज औषध नाही. लघवी तपासू, आधी जंतू घालवू.”

“आणि तोवर हात गेला तर?”

“हात कधीपासून जास्त बिघडला?”

ती आठवू लागली. मग हळूच म्हणाली, “जळजळ सुरू झाली, तेव्हापासूनच.”

“अंगात ताप भरला की या आजारातली जुनी दुखणी डोकं वर काढतात. ताप गेला की बऱ्याचदा निवळतं.”

“बऱ्याचदा?”

“बऱ्याचदा. शपथेवर नाही सांगणार.”

ज्या हातासाठी लपवलं, तो त्या लपवलेल्या तापानेच बिघडला असेल? की खरंच चालला असेल? सिस्टरलाही ठाऊक नव्हतं, आणि ते तिने लपवलं नाही.

नमुन्याची डबी घ्यायला तिने उजवा हात पुढे केला. डबी बोटांतून निसटली. सिस्टरने दुसरी दिली. या वेळी नणंदेने तिच्या बोटांवरून स्वतःची बोटं घट्ट आवळली आणि तिला उठवलं.

“चल,” ती म्हणाली. “बाथरूमचं दार उघडंच ठेव. तुझा आता भरवसा नाही.”