घाई काय आहे?

श्रीरंगला मी सत्तावीस वर्षं एकच सांगत होते, एकदा कचेरीत जाऊन लग्नाची सही करून येऊ. तोही सत्तावीस वर्षं एकच उत्तर देत होता, "घाई काय आहे?"

तसं अडलं काहीच नव्हतं. फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत मी सगळ्यांची भाभीजी. महाराष्ट्र मंडळातल्या बायका दर संक्रांतीला मला हळदीकुंकवाला बोलवायच्या. श्रीरंग केंद्र सरकारच्या नोकरीत. दुसऱ्यांच्या फायलीतल्या चुका काढण्यात त्याचा जन्म गेला, आणि स्वतःच्या फायलीत 'अविवाहित' लिहून हा मोकळा.

मी घरी पेटी शिकवते. मला कुठली पेन्शन? रिटायर झाल्यावर एकदा त्याच्या छातीत दुखलं, तेव्हा कुठे साहेबांना जाग आली. "अलका, मी गेलो तर तू खाणार काय?" हा प्रश्न सत्तावीस वर्षांनी! मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मग धावपळ. पेन्शनच्या फॉर्मला दोघांचा एकत्र फोटो लागतो म्हणून करोल बागेत गेलो. तीनदा याचे डोळे मिटलेले. लग्नाच्या कचेरीतल्या बाईंनी आमची नोटीस बोर्डावर लावली. तीस दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तर लग्न. साठी उलटलेल्या दोघांवर हरकत घ्यायला कोण रिकामं बसलंय? पण नियम म्हणजे नियम.

तेविसाव्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. कप घेऊन बाहेर आले तर श्रीरंग खुर्चीतच गेला होता.

तेरावं उरकून पेन्शनच्या ऑफिसात गेले. फोटो, रेशनकार्ड, बँकेचं दोघांचं पासबुक, सगळं टेबलावर मांडलं. तिथला अधिकारी माणूस भला होता, त्याचाच जास्त त्रास झाला.

"मैडम, एक दिन की भी शादी होती तो मैं कर देता," तो म्हणाला. "उस नोटिस की कॉपी ले आइए. ऊपर लिखकर देखता हूँ."

म्हणून पुन्हा लग्नाच्या कचेरीत. टेबलामागे त्याच बाई. त्यांनी मला ओळखलं आणि मी तोंड उघडायच्या आत रजिस्टर काढलं.

"बधाई हो, आंटीजी. किसी ने ऐतराज नहीं किया. कल ग्यारह बजे अंकल को ले आइए, तीन गवाह भी."

"वो नहीं आ पाएँगे," मी म्हटलं.

"तो अगले हफ्ते सही," रजिस्टर मिटत त्या म्हणाल्या. "नोटिस तीन महीने चलता है. जल्दी क्या है?"

मला श्रीरंगचा इतका संताप आला, की मी तिथेच, त्या बाईंच्या टेबलावर डोकं टेकून रडले.