मागे सरकणारं घर

टोकावरची घरं सुटी करून मागे नेता येतात. बांधणाऱ्यांनी ती तशीच बांधली, कारण समुद्र कडा खातो हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते साहेबलोकांना. त्यांनी दगडी बंधारा घातला, फीत कापली, फोटो काढले. समुद्राने बंधारा गिळला आणि साधी ढेकर दिली नाही. दीपगृह गेलं, शाळा गेली. शिवणवालीच्या सासऱ्याचं शेत होतं तिथे आता होड्या फिरतात.

आता तिचं घर कड्याला टेकलं. मुलगी म्हणाली, "आई, शहरात ये."

"आणि मशीन कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर?"

तिला एकच हवं होतं. घर मागे जावं आणि मशीनसमोरची खिडकी पुन्हा समुद्राकडे उघडावी. हयात त्या उजेडात गेली होती.

पूर्वी घर हललं तेव्हा नवरा होता. तो आत, दाराकडे तोंड करून, फळ्यांवर कोळशाने 'डावी', 'उजवी' लिहायचा आणि जोडतानाही आतूनच ओरडायचा. त्याचा धाकटा भाऊ, सुतार, बाहेरून खुंट्या ठोकायचा. आता नवरा नाही. तिने आत उभं राहून लिहिलं, सुताराने बाहेर उभं राहून वाचलं. खिडकीची भिंत आणि तिच्या समोरची, दोन्ही एका मापाच्या, अडतंय कुठे! छप्पर चढलं, मशीन आलं, तिने खिडकी उघडली. समोर रस्ता आणि एक गाढव.

"भाऊजी, समुद्र कुठे ठेवलात?"

सुताराचा चेहरा उतरला. "वहिनी, सगळं उसवून देतो."

ती रागाने मशीनवर बसली, ती बसूनच राहिली. सुईला खारा गंज चढेना, डोळ्यांवर तिरीप येईना. कोळीण रस्त्यावरूनच ओरडली, "झाला का गं माझा झगा?" गवंडी खिडकीत कोपर टेकून तासभर बायकोची गाऱ्हाणी सांगून गेला. तिला मजा यायला लागली.

सुतार हत्यारं घेऊन आला.

"हात लावाल तर बघा," ती म्हणाली. "समुद्र इतकी वर्षं बघितला. त्याने एकदा तरी विचारलं, कशी आहेस म्हणून?"

"आणि आठवण आली तर?"

"तोच येईल की. वाट माहीत आहे त्याला."

सुतार खो-खो हसला. हत्यारं पिशवीत कोंबली आणि जाताना रस्त्यापलीकडची जमीन टाच मारून बघितली. टणक होती. पुढच्या खेपेला चालेल.