हशाची जागा

म्हाताऱ्या नोकराचं काम टाळीकाकांकडे आलं, कारण रंगमंचावर त्यांनी उभी हयात तेच केलं होतं. नाटक जुनं, रशियन. कर्नलच्या घरी मुलीचा होणारा नवरा जेवायला यायचा असतो, तो येतच नाही. सगळे ताटकळलेले असताना नोकर आत येऊन विचारतो, "मग हे सूप कोणाला वाढू?" एवढ्या एका वाक्यावर थिएटर हसून लोळायचं. आता ते टीव्हीसाठी चित्रित होत होतं, आणि त्यात घरच्या डॉक्टरची भूमिका करत होते काकांचेच जावई.

पहिल्या खेपेला काकांनी वाक्य टाकलं आणि सवयीने थांबले. हशा ओसरल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, ही त्यांची शिस्त. स्टुडिओत मात्र चिटपाखरूही हसलं नाही. काका सूपचं भांडं धरून तसेच उभे, कान टवकारून.

"काय दुःख दाखवलंत, काका!" दिग्दर्शक बाई खुर्चीतून उठल्याच. "अख्खं घर खचलं त्या नजरेत."

काकांनी ते दुःख मुकाट्याने पदरात पाडून घेतलं. आयतं कौतुक परत करायला ते काही खुळे नव्हते.

पण भिंतीवर माइकची सावली पडली होती. पुन्हा घ्यायचं ठरलं. या वेळी काकांनी मनापासून दुःख केलं. ओठ थरथरवले, डोळे भरून आणले.

"नाटकी झालं हो," बाई म्हणाल्या. पुढची खेप त्याच्याही वरताण. "राहू द्या. वाक्य डॉक्टरच्या तोंडी घालते. तुम्ही नुसतं वाढा."

जावयांनी लगेच घसा साफ केला.

वाक्य गेलं की भूमिकेत उरणार होतं ते फक्त सूप. काकांनी बाईंच्या हातापाया पडून आणखी एक खेप मिळवली आणि जावयांना बाजूला घेतलं.

"जावईबापू, तुम्हाला म्हणून सांगतो, मघाशी मी हशासाठी थांबलो होतो. दुःखबिःख काही नाही. आता कॅमेरा माझ्या एकट्यावरच आहे; माझं वाक्य संपलं की त्याच्याशेजारी उभं राहून हसा. आवाज नको, नुसते दात दाखवा. म्हणजे मला थांबणं जमेल."

"एवढंच ना, बाबा? बत्तीशी दाखवतो."

काकांनी वाक्य टाकलं आणि कॅमेऱ्याशेजारी पाहिलं. जावई ओठ घट्ट मिटून छताच्या दिव्यांची पाहणी करत होते. आता हसतील, काकांना वाटलं. घरचा माणूस आहे. काका थांबले. हसतील. भांड्यावरची वाफ विरली, तरी ते थांबलेलेच.

"कट! हेच, हेच हवं होतं!" बाई ओरडल्या.

"हसायचं राहूनच गेलं, बाबा," जावई म्हणाले. "तुमच्या अभिनयात गुंतलो."

"चालायचंच."

घरी मुलीने विचारलं, "कसं झालं?"

"तुझ्या नवऱ्याची फार मदत झाली," काका बूट काढत म्हणाले. "तो नसता तर वाक्य गेलंच होतं."

जावयांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.