चाकाखालचा झेंडा

नणंदेचं चष्म्याचं दुकान गल्लीत पार आत होतं. उद्घाटन चार दिवसांवर आलं आणि दुकान लोकांना सापडणार कसं, या काळजीने तिची झोप उडाली होती. माझा धंदा जाहिरातीच्या झेंड्यांचा, म्हणून ती माझ्याकडे आली.

"वहिनी, तीन झेंडे दे, सगळ्यांना सारखाच स्टँड."

"सारखा कसा चालेल?" मी म्हटलं. "बागेजवळ माती आहे, तिथे टोकदार सळई ठोकायची. दारात फरशी, तिथे लोखंडी पाया आणि वर वजनाला पाण्याची पिशवी. गल्लीच्या तोंडाशी डांबर आणि भन्नाट वारा. तिथे झेंड्याच्या बुडाला गाडीच्या चाकाखाली दाबायची पट्टी लागेल. म्हणजे गाडी दिवसभर उभी हवी."

"ह्यांची गाडी?" ती हसायलाच लागली. "मला उन्हात उभी करतील, गाडीला नाही."

तिचे यजमान कबूल झाले, पण ओरखडा पडू नये म्हणून स्वतः गाडीत बसून राहणार होते.

उद्घाटनाच्या दिवशी गाडीजवळ जो थांबेल त्याला ते काच खाली करून सांगत होते, "इथे टेकू नका. आत जा, डावीकडे तिसरं दार, चष्मे छान आहेत." दुपारपर्यंत दुकानात बसायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तरी सकाळी ते गल्लीच्या तोंडाशी पट्टीवर गाडी लावून तिची काच पुसत उभे.

"झेंड्याला एकट्याला कसं सोडायचं?" म्हणाले.