माझ्यावर रंगवलेल्या खिडक्या

मित्रांनो, गल्लीच्या तोंडाशी वळताना तुम्ही जिला सायकल टेकवता आणि चेंडू मारून मारून जिचे पोपडे काढता, तीच मी. मी एक जुनी भिंत आहे. माझे एक अंग रस्त्याकडे आहे आणि दुसरे एका घराच्या खोलीत. दोन्हीकडचे मला ऐकू येते. बोलता मात्र कुठल्याच अंगाने येत नाही.

मला बांधणारा गवंडी मोठा नेटका माणूस होता. विटांचा एक थर झाला की तो ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि मगच पुढच्या थराला हात घालायचा. त्याची बायको विटा भिजवून त्याच्या हातात द्यायची.

"खिडकी कुठे ठेवू?" त्याने घरमालकाला विचारले होते.

"या बाजूला नकोच. रस्त्याची सगळी धूळ घरात येईल."

"उजेड कमी पडेल हो खोलीत."

"दिवा लावतील की!"

झाले. मी सलग, बिनखिडकीची उभी राहिले. "काय सरळ भिंत आहे!" असे लोक म्हणायचे, तेव्हा मी मनातून फुलून जायची. आतल्या अंगावर आरसा आला, कपड्यांच्या खुंट्या आल्या. एका भाडेकरूने आपल्या लेकीची उंची पेन्सिलीने माझ्यावर मांडून ठेवली. ती उंच होत गेली आणि रेघा वर चढत गेल्या. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग त्या घरात शिंपी मास्तर आणि त्यांची बायको राहायला आले.

मास्तरांचे दुकान मोठ्या रस्त्यावर होते. बोलणे असे गोड की ऐकत राहावे. कोणाच्या मुलाचे दप्तर उसवले की ते हसत हसत टाके घालून द्यायचे. "मास्तरांसारखा माणूस शोधून सापडायचा नाही," असे गल्ली म्हणायची. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. त्या दिवसभर घरात बसून दुकानातल्या कपड्यांची काजे करायच्या, तुरपाई करायच्या. दुपारी कोणी नसले की हलक्या आवाजात गुणगुणायच्या. ते फक्त मलाच ऐकू यायचे.

संध्याकाळी मास्तर घरी आले, दाराला आतून कडी लागली की तो गोड आवाज दाराबाहेरच राहायचा. कधी काज तिरके झालेले असे, कधी चहा गार झालेला असे, कधी तर काहीच झालेले नसे. मग वहिनींची पाठ माझ्यावर आदळायची.

मित्रांनो, मी विटांची आहे. मला मऊ होता येत नाही. जिला आपण कधी दुखवू इच्छित नाही तिला आपलाच मार लागावा, आणि आपल्याला बाजूलाही होता येऊ नये, हे काय असते ते मी कसे सांगू? एकदा मी सारे बळ एकवटले. वाटले, कोसळावे, निदान ओरडावे. काय झाले माहीत आहे? चुन्याचा एक पोपडा खाली पडला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी तो केरसुणीने भरून टाकला.

आवाज गल्लीत सगळ्यांना जात होता. समोरच्या घरात निवृत्त पोस्टमन राहत. त्यांना सगळे टपालकाका म्हणत. इकडे आवाज सुरू झाला की त्यांचा रेडिओ मोठा व्हायचा. त्यांच्या वरच्या मजल्यावर बसमध्ये कंडक्टर असलेल्या एक बाई राहत. भरलेल्या बसला एका हाकेत मागे सरकवील असा त्यांचा आवाज. पण त्या वेळी त्याही खिडकी लावून घ्यायच्या. "त्यांच्या घरातलं ते बघतील," असे सगळे म्हणत, आणि सकाळी मास्तरांना "काय मास्तर, बरं आहे ना?" असे विचारत.

रस्त्याकडच्या अंगाचे हालही काही कमी नव्हते. जाहिरातींच्या कागदांचे थर बसले होते. माझ्याकडे तोंड करून काही लोक जे उरकायचे, ते सांगायला मला लाज वाटते. शेवटी कंडक्टरबाईंनी पुढाकार घेतला. भिंतीवर छानसे चित्र काढून घेऊ, म्हणजे कोणी घाण करणार नाही, असे ठरले. दुकानांच्या पाट्या रंगवणारी एक बाई आली. तिला सगळे पेंटरताई म्हणू लागले.

"फुलं काढा, पक्षी काढा. मन प्रसन्न झालं पाहिजे," कंडक्टरबाईंनी सांगितले.

पेंटरताईने कागद भिजवून खरवडले, भेगांत पुट्टी भरली, घासकागद फिरवला. इतक्या मायेने मला गवंड्यानंतर कोणी हात लावला नव्हता. संध्याकाळपर्यंत ती शिडीवर असायची. त्यामुळे तिलाही ऐकू आले. तिचा हात थांबला.

"आतून आवाज कसला येतो हो?" तिने खाली उतरून कंडक्टरबाईंना विचारले.

"भांडं पडलं असेल."

"कालही पडलं होतं."

कंडक्टरबाई जिना चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी पेंटरताईसाठी पाणी घेऊन आल्या. पेला देताना बाही वर सरकली, तशी त्यांनी ती घाईने ओढून घेतली. "इस्त्रीचा चटका बसला," त्या न विचारताच म्हणाल्या.

पेंटरताईने पाणी संपवले. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "भिंत तुमची आहे वहिनी. सांगा, काय काढू?"

"माझी कसली? पण..." वहिनींनी माझ्याकडे पाहिले. "खिडकी काढाल? या बाजूला खिडकीच नाही."

"काढते की. खिडकीत कोणाला उभं करू?"

"कोणाला नको. ती बंदच असू दे."

वहिनी आत गेल्या. पेंटरताईने पेला पायरीवर ठेवला. मग तिने खडूने माखलेली दोरी ताणून माझ्यावर रेघा मारायला सुरुवात केली.

फुले आली नाहीत, पक्षीही आले नाहीत. आली ती आपली गल्लीच! तीच घरे, तोच जिना, तीच वाळत घातलेली कापडे. आणि खिडक्या, किती तरी खिडक्या! चित्र पुरे झाले त्या संध्याकाळी सगळी गल्ली माझ्यासमोर जमली आणि हसू फुटले.

"अगं बाई, ही तर मी!"

"काका, तुमचं टक्कल बघा कसं चकाकतंय!"

"आणि मी रेडिओ पिळतोय वाटतं!" टपालकाका खूश होऊन म्हणाले.

मग हसू हळूहळू ओसरले. कारण चित्रातले टपालकाका रेडिओचा आवाज वाढवत होते. चित्रातल्या कंडक्टरबाई खिडकी लावून घेत होत्या. कोणी पडदा ओढत होते, कोणी उशी कानावर दाबून बसले होते. सगळ्यांनी एकाच घराकडे पाठ फिरवली होती. त्या घराची खिडकी बंद होती. तिच्यावर काहीच काढलेले नव्हते.

"हे सगळे काय ऐकतायत?" एका लहान मुलीने विचारले. तिच्या आईने तिचा हात दाबला.

मास्तरही गर्दीत होते. "वा! रंग छान जमलेत," ते गोड आवाजात म्हणाले आणि घरात गेले. कडी लागली. त्या संध्याकाळी आत एक शब्दही उठला नाही. त्या शांततेची मला जास्त भीती वाटली.

पण बाहेर लोक बोलू लागले, मित्रांनो! इतकी वर्षे माझ्यासमोरून सगळे मान खाली घालून जात होते. आता येता जाता थांबू लागले. आधी चिडून बोलले. "आमची बदनामी करायला आणलं होतं का हिला? पुसून टाका ते!" असे एक जण म्हणाला.

"मी बातम्या ऐकायला रेडिओ लावतो," टपालकाका म्हणाले.

"इतक्या मोठ्याने? बातम्या बहिऱ्या आहेत का?" कंडक्टरबाई फिसकन हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "काका, मला सगळं ऐकू येतं हो. पहिल्या दिवसापासून येतं. मी खिडकी लावते आणि मग ताट तसंच ठेवून उठते."

टपालकाका ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "पण आपण करायचं काय?"

"दार तर वाजवू."

पुढच्या वेळी आतून आवाज आला, तेव्हा दार वाजले. मास्तरांनी उघडले तर दारात कंडक्टरबाई, हातात वाटी. "साखर संपली बघा. वहिनी कुठायत? त्यांच्याच हातून घेईन." त्या आत येऊन बसल्या आणि उठेचनात. नंतर एकदा टपालकाका आले. "मास्तर, सदऱ्याचं बटण तुटलं." ते बटण त्यांनी पायरीवर उभे राहून स्वतःच ओढून तोडले होते. त्याचा आवाज मी ऐकला होता! दार वाजले की आतला हात थांबायचा. एका दुपारी वहिनी पुन्हा गुणगुणल्या. मला वाटले, सुटली ही बाई.

मी भोळी. मास्तर सगळे ओळखून होते.

एका दुपारी दाराशी टेम्पो आला. कंडक्टरबाई कामावर होत्या. खुंट्यांवरचे कपडे उतरले, आरसा उतरला. शिवणयंत्र बाहेर गेले. वहिनी रिकाम्या खोलीत एकट्या उभ्या होत्या. त्यांनी माझ्यावर तळवा टेकला. त्यांना बाहेर हाक मारायची होती, मलाही मारायची होती. आम्ही दोघीही काही बोललो नाही.

"चला," मास्तर म्हणाले.

समोर टपालकाका ओट्यावर बसले होते. "हे काय मास्तर, निघालात कुठे?"

"आईला बरं नाही काका. थोडे दिवस जाऊन येतो."

"बरं बरं. जपून जा."

वहिनी टेम्पोत मास्तर आणि चालक यांच्या मध्ये बसल्या होत्या. त्यांनी काकांकडे पाहिले. काकांनी हात हलवला. टेम्पो वळला आणि गेला.

आईला बरे नाही म्हणून कोणी शिवणयंत्र घेऊन जाते का? हे काकांच्या ध्यानात आले, तेव्हा रस्ता रिकामा होता. संध्याकाळी ते कंडक्टरबाईंसमोर लहान मुलासारखे रडले. "ती माझ्याकडे बघत होती हो. आणि मी हात हलवला. टाटा केला मी तिला!"

दुकान बंद झाले होते. नवा पत्ता कोणालाच माहीत नव्हता. गल्लीतले लोक पोलिसांत जाऊन आले. "नवरा-बायको घर बदलून गेले, यात तक्रार काय लिहायची?" असे तिथे विचारले गेले. कंडक्टरबाई अजूनही प्रत्येक थांब्यावर दारातून वाकून बघतात. वहिनी त्यांना अजून दिसलेल्या नाहीत.

पेंटरताईला कळले तशी ती धावत आली. माझ्यासमोर मटकन बसली आणि म्हणाली, "मी चित्र काढलं नसतं तर त्या इथंच राहिल्या असत्या का?" मी आजही तोच विचार करते.

आता माझे रंग उडत चालले आहेत. घरात नवे लोक आहेत, चांगले आहेत. गल्लीत कुठे मोठा आवाज झाला तर कोणी ना कोणी जाऊन दार वाजवते. ज्यांच्यामुळे ही सवय लागली, त्या मात्र इथे नाहीत.

मित्रांनो, वहिनी कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी गल्लीत असतील. तिथेही एक भिंत असेल, माझ्यासारखीच मुकी. तिच्यावर कोणी चित्र काढलेले नसेल. तिच्याकडून काहीच होणार नाही, हे मी पक्के सांगते. पण त्या भिंतीच्या पलीकडे कोणी तरी राहत असेल. ते घर कदाचित तुमचे असेल. तुम्हाला काही ऐकू आले, तर आईला उठवा, बाबांना उठवा, आणि कसलेही निमित्त काढून ते दार वाजवा.