दीड दिवसाची गोड मावशी

माझी जीभ तिखट आहे. हे मी एकटी म्हणत नाही, होड्या बांधायचा अख्खा कारखाना म्हणतो. तिथे मी शिडं आणि ताडपत्र्या शिवते. सुई मोडली तर हिच्या जिभेने टोचून घ्या, असं तिथली माणसं माझ्या तोंडावर म्हणतात आणि वर माझ्याच डब्यातलं खातात. आमचे हे त्याच कारखान्यात सुतार आहेत. बहिणीची मुलं त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही इथे काकाच म्हणते. बत्तीस वर्षांत काकांनी मला एकदाही उलट उत्तर दिलेलं नाही. मी तापले की ते पटाशीला धार लावायला बसतात. त्यामुळे आमच्या घरातल्या पटाश्या पंचक्रोशीत सगळ्यात धारदार.

अशी मी, पण दोन दिवस गोड बोलायचं ठरवलं. माझ्या बहिणीच्या मुलीला आमच्या खाडीपलीकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तीन वर्षं वसतिगृहात राहायचं की आमच्याकडे, हे तिने ठरवायचं होतं. "प्रवेशाचे कागद आणि वसतिगृह हवं असेल तर त्याचा फॉर्म, सगळं गुरुवारी सकाळी अकराच्या आत द्यायचंय," बहीण फोनवर म्हणाली. "आधी ती तुझ्याकडे राहील, घर बघेल. तिला गळ घालू नकोस. आणि तापू नकोस."

आम्हाला मूलबाळ नाही. त्याचं रडगाणं मी कधी गायलं नाही, आताही गाणार नाही. पण बहिणीचा फोन ठेवला आणि मला ती मुलगी हवीच झाली. घर आवडायला हवं, मावशी आवडायला हवी, आणि यातलं घर तरी माझ्या हातात होतं. म्हणून मी बाजारातून आरशाचं एक कपाट आणलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, मासिकात असतं तसं. काकांनी त्याच्या पाठीवर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि पटाशी घेऊन बसले. मी एक शब्द बोलले नव्हते, तरी बसले.

बुधवारी सकाळी दोघं आली. भाची सतरा वर्षांची, उंच, मोजकं बोलणारी. सोबत तिचा नऊ वर्षांचा भाऊ, त्याला घरी शंकासुर म्हणतात. का म्हणतात, ते पायरीवरच कळलं.

"मावशी, तुमच्या दाराला एवढा उंच उंबरा कशाला?"

मी सांगणार होते की काकांनी घर बांधलं तेव्हा तो चुकून उंच झालाय. मला त्या घराची थोडी लाजच वाटायची. पण काका पुढे आले. "भरतीला वारा असला की पाणी पायरीपर्यंत येतं. होडीत दाराला उंबरा असतो, म्हणून इथेही आहे."

"म्हणजे हे घर होडी आहे?"

"होडीवाल्याचं आहे," काका म्हणाले, आणि त्या दिवशी ते जेवढं बोलले तेवढं मी आमच्या लग्नातही ऐकलं नव्हतं.

त्यांनी मुलांना आधी भिंत दाखवली. "खिळा शोध बघू." शंकासुराने दहा मिनिटं भिंतीला नाक लावलं. एकही खिळा सापडला नाही. इथल्या खाऱ्या हवेत लोखंड दोन वर्षांत भुगा होतं, म्हणून सगळ्या फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या. खुंटी आधी उन्हात खडखडीत वाळवायची आणि मग ठोकायची, म्हणजे दमट हवेत ती फुगते आणि आपोआप घट्ट बसते. "हवेशी भांडायचं नाही," काका म्हणाले, "हवेला कामाला लावायचं." मी या भिंतींना बत्तीस वर्षं पाठ टेकून बसते आहे आणि हे मला माहीत नव्हतं.

मग स्वयंपाकघर. तिथला खण नुसता ओढला तर उघडत नाही, आधी वर उचलावा लागतो. या खणांना मी आयुष्यभर शिव्या दिल्यात. भाचीने उचलून ओढला, ढकलला, पुन्हा उचलून ओढला. "लाटेत होडी कलली तरी उघडणार नाही ना?" तिने विचारलं. काकांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. फडताळाला डबे पडू नयेत म्हणून आडवी काठी, ओसरीच्या जमिनीला पाणी समुद्राकडे वाहून जावं म्हणून बेताचा उतार, छपराच्या कण्याखाली हातभर मोकळी जागा, तिथून गरम हवा बाहेर जाते. भाची त्या जागेखाली जाऊन उभी राहिली. बाहेर माडाच्या सावल्यासुद्धा तापल्या होत्या आणि तिच्या कपाळावरचे केस हलत होते.

"काका, हे कुठे शिकलात?"

"चुका करून. पहिलं छप्पर उडालं होतं. मावशीने तीन दिवस एका ताडपत्रीखाली स्वयंपाक केला."

"तू चिडली नाहीस, मावशी?" भाचीने माझ्याकडे निरखून पाहिलं.

चिडले नव्हते? त्या तीन दिवसांत माडावरचे कावळे गाव सोडून गेले होते. पण मी गोड हसले. "छे गं, त्यात काय चिडायचं!" काकांना ठसका लागला.

खरं सांगते, मला त्या दुपारी माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली. ज्या घरात राहायला मिळतंय म्हणून नाचायला हवं होतं, त्या घराबद्दल मी शेजारणींकडे माफी मागत फिरत होते. पण गोड राहायचं ठरवलं होतं, ते मी सोडलं नाही. भाची ताट उचलायला लागली, मी काढून घेतलं. "तू बस हो." शंकासुराने ओल्या पायांनी सगळी ओसरी चिखलाने माखली, मी म्हटलं, "असू दे रे राजा." चांगले कप काढले. भाची झाडू शोधत होती, तर मी झाडूच लपवला. संध्याकाळपर्यंत माझे गाल दुखायला लागले होते. आणि जितकी मी गोड, तितकी ती गप्प. जेवताना तिने विचारलं, "वसतिगृह कॉलेजपासून जवळ आहे ना?" "जवळच," मी म्हटलं, तेही गोडच.

गुरुवारी सकाळी ती साडेआठला तयार झाली. गुणपत्रिकेची फाइल घ्यायला खोलीत गेली आणि बाहेर येईना. मी डोकावले. फाइल कपाटात होती आणि कपाट उघडत नव्हतं. चार दिवस खारी हवा पिऊन दार फुगलं होतं आणि रात्रीतून चौकटीत रुतून बसलं होतं. मी मूठ धरून ओढली. मूठ हातात आली. पाय लावून कड ओढली. पांढरा पापुद्रा निघाला आणि आत भुशाचा लगदा दिसला. बत्तीस वर्षं होडीसुताराच्या घरात काढून मी भुशाचं कपाट आणलं होतं. नऊची बोट चुकली की पुढची बारा वाजता, म्हणजे अकराची वेळ हुकलीच.

काका आले. "मला तेव्हाच कळलं होतं" असं म्हणायची एवढी सोन्यासारखी संधी आली होती, पण ते म्हणाले नाहीत. कपाट भिंतीपासून सरकवलं, मागच्या पातळ फळीला पटाशी लावली, एक हलका ठोका दिला. फळी सुटली. त्यांनी हात घालून फाइल काढली, पुसली आणि भाचीला दिली. सगळं मिळून दोन मिनिटं.

आणि तिथेच माझा बांध फुटला.

"अहो, तुम्हाला तोंड आहे की नाही? मी हा कचरा घरात आणला तेव्हा दातखीळ बसली होती? आणि तू रे, काय बघतोस, ओसरी काय तुझ्या आजोबांनी पुसायची? आणि तू गं घोडे! एवढा महत्त्वाचा कागद, आदल्या दिवशी पिशवीत भरून ठेवायला नको? अक्कल कुठे गहाण टाकलीस? पलंगावर ओला टॉवेल कोणी टाकलाय?"

काका पटाशी शोधायला लागले, ती त्यांच्या हातातच होती. झालं, मी मनात म्हटलं, गेली पोर.

तेवढ्यात शंकासुराने टुणकन उडी मारली. "ताई! ओरडली! मावशी ओरडली!"

मी वळून पाहिलं तर भाची हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आता काय झालं तुला?"

"आई म्हणायची, मावशी आपल्या माणसांना सोडत नाही. तिने झापलं की समजायचं, आपण तिच्या घरातले." तिने नाक ओढलं. "तू कालपासून ताटसुद्धा उचलू देत नाहीस. मला वाटलं, तुला मी नकोय. तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून पाहुण्यासारखं वागवतेस. मी तर वसतिगृह नको म्हणून आईशी भांडून आले होते."

मी तोच ओला टॉवेल उचलला आणि तिचं तोंड खसाखसा पुसलं. काकांनी त्याची मनसोक्त मजा घेतली.

"अगं वेडे," मी म्हटलं, "तू हवीस म्हणून तर दीड दिवस जीभ दाताखाली धरून बसले. नसती आलीस तर हे कपाट मी समुद्रात टाकलं असतं."

"आली तरी टाका," काका म्हणाले.

भाचीने फाइल उघडली, वसतिगृहाचा फॉर्म काढून मला दिला आणि प्रवेशाचे कागद घेऊन चपला घालायला धावली. धक्क्यावरून बोटीचा पहिला भोंगा ऐकू आला. ती पायऱ्या उतरत होती तेव्हा मी ओसरीवरून ओरडले, अगदी माझ्या ठेवणीतल्या आवाजात. कारखान्यापर्यंत गेला असणार.

"दुपारी वेळेवर ये! भांडी तुझ्यासाठी ठेवणार आहे, सगळी!"

"ठेव!" ती न वळता ओरडली. आवाज अगदी माझ्यावर गेलाय.