न मारलेली गाठ

थर्लोच्या हॉटेलात मी बारा वर्षांत पाय ठेवला नव्हता. धक्क्यावर एक खिडकी आणि चार बाकं, एवढंच त्याचं हॉटेल. आणि तसंही, स्वतः शेवंडी पकडणारा माणूस शेवंडीचा रोल विकत घेऊन खातो का कधी? गाव हसेल. पण परवा दुपारी गेलोच. म्हटलं, रॉस्को, साठी उलटली, आता तरी सांगून मोकळा हो.

बारा वर्षांपूर्वी थर्लोचे शेवंडी पकडायचे पिंजरे मी कापले होते, म्हणजे त्यांच्या दोऱ्या. माझ्या खडकापाशी त्याने ते टाकले आणि माझं डोकं फिरलं. आमच्याकडे रीत अशी, की कुणी हद्द ओलांडली तर त्याच्या पिंजऱ्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयाच्या दोरीला आधी नुसती एक गाठ मारायची. शहाणा माणूस समजतो आणि पिंजरे हलवतो. नाहीच हलवले, तर मग सुरी. मी मेल्याने गाठबीठ काही मारली नाही. दोन दिवस धुकं होतं, तेवढ्यात त्याच्या दोनशे दोऱ्या कापल्या. पिंजरे समुद्राच्या तळाशीच राहिले, पुन्हा हाती लागले नाहीत. त्याने बोट विकली आणि हे हॉटेल टाकलं.

"अरे वा! आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" खिडकीतून तो ओरडला. "बोल, लोणी की मेयोनीज?"

"लोणी."

"चला, अक्कल शाबूत आहे म्हणायची!"

रोल तो स्वतःच घेऊन आला. लोण्यात भाजलेला पाव, त्यात मावत नव्हतं इतकं मांस. गिऱ्हाइकाला एवढं कोण देतं? माझ्यासमोर बसला. मी एक घास घेतला आणि म्हणालो, "थर्लो, ते तुझे पिंजरे..."

"सोड रे. ज्याने कापले, तो गेल्या महिन्यात गेला."

"कोण?"

"एल्विन. दुसरं कोण?"

एल्विन म्हणजे त्याचा पाठचा भाऊ.

"बाबांच्या बोटीवरून आमचं वाजलं होतंच," थर्लो म्हणाला. "आणि गावातला असता तर आधी गाठ मारली असती ना? न सांगता कापणारा घरचाच. तीन नाताळ माझ्या दारात येऊन उभा राहिला. 'दादा, आईशप्पथ, मी नाही.' मी म्हटलं, खोटारड्या, चालता हो. मातीलासुद्धा गेलो नाही मी त्याच्या."

घास गिळून उठलो असतो तर कुत्रंही विचारणार नव्हतं. खोटं कशाला बोलू, तसं मनात आलंही.

"थर्लो, मी कापले. एल्विनने नाही. मला माफ कर."

थर्लोने शिवी हासडली असती, थोबाडीत दिली असती, तर किती बरं झालं असतं. त्याने फक्त माझ्या ताटलीकडे पाहिलं.

"तुझं बरं आहे, रॉस्को," तो म्हणाला. "तुला माफी मागायला मी तरी आहे."